भिंतीवरच्या नकाशाचे पैसे कोणी दिले?

मागच्या व्याख्यानात आपण शाळांच्या इमारतींबद्दल बोललो होतो. आज इमारतीच्या आत जाऊ या. भिंतीवरचा नकाशा, टेबलावरचा पृथ्वीगोल, बाराखडीचे तक्ते, नंतर आलेला टीव्ही आणि आताचा प्रोजेक्टर. मुलाला डोळ्यांनी शिकवणाऱ्या या वस्तूंचा इतिहास लिहिताना सहसा त्या कशा वापरल्या याबद्दल लिहिलं जातं. आम्हाला मात्र प्रश्न पडला तो दुसराच: पैसे कुठून आले, आणि ते कुठे थांबले?

सुरुवात लोकलफंडापासून करावी लागते. मुंबई इलाख्यात 1860 च्या दशकात जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा असा जादा कर बसला. त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणासाठी. म्हणजे खेड्यातल्या शाळेचा फळा शेतकऱ्याच्या पैशातून आला, असं म्हणायला हरकत नव्हती. पण तो खरोखर त्याच्या गावात आला का? 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, त्यातली मुख्य तक्रार हीच: महसूल कष्टकरी रयत भरते आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. अनुदानाच्या इतिहासातला हा पहिला मोठा हिशेब, आणि तो मागणारा माणूस सरकारी नव्हता.

मधली शंभर वर्षं आपण झपाट्याने ओलांडू. तक्ते होते, नकाशे होते, पण ते बहुतेक शहरी आणि खासगी शाळांत. खेड्यात मास्तर, एक फळा (तोही उडालेल्या रंगाचा) आणि पाट्या.

1986 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं आणि त्यातून 1987-88 मध्ये ऑपरेशन ब्लॅकबोर्ड सुरू झालं. आपल्याकडे लोक त्याला ‘खडू-फळा’ म्हणू लागले. मागणी अगदी किमान होती: प्रत्येक प्राथमिक शाळेला सगळ्या ऋतूंत वापरता येतील अशा दोन खोल्या, निदान दोन शिक्षक, त्यातली शक्यतो एक स्त्री, आणि साहित्य. साहित्यात फळा, नकाशे, पृथ्वीगोल, तक्ते, विज्ञान पेटी, गणित पेटी, खेळणी, वाद्यं, पुस्तकं. स्वातंत्र्यानंतर चाळीस वर्षांनी देशाला शाळेत फळा हवा असं ठरवावं लागलं, यावर काय बोलणार! ते असो.

पैशाची रचना बघा. साहित्य आणि दुसऱ्या शिक्षकाचा पगार केंद्राकडून. खोल्या मात्र राज्याने ग्रामीण रोजगार योजनांच्या पैशातून बांधायच्या. परिणाम काय झाला? काही ठिकाणी पेट्या आधी पोचल्या आणि त्या ठेवायला कोरडी खोलीच नव्हती. खरेदी वरच्या पातळीवर एकगठ्ठा झाली, तिथे हलक्या मालाच्या तक्रारी झाल्या. शिक्षकांना पेटी उघडून दाखवायला फारसं कोणी आलं नाही.

आणि मग ते डेडस्टॉक रजिस्टर. ज्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत काम केलंय त्यांना सांगायला नको. पृथ्वीगोल एकदा त्या वहीत चढला की तो मुख्याध्यापकांच्या जबाबदारीवर. पोराच्या हातून फुटला तर तपासणीत उत्तर कोणी द्यायचं? त्यापेक्षा कपाटात बरा. आमच्यापैकी एकाच्या लहानपणच्या शाळेत असा एक पृथ्वीगोल होता. चार वर्षांत तो दोनदा दिसला, दोन्ही वेळा साहेब आले म्हणून. गुरुजी वाईट नव्हते हो. वस्तू द्यायला पैसे होते, ती फुटून बदलायला नव्हते. आमच्या मते खडू-फळ्याचं खरं दुखणं इथे होतं; शिक्षकांच्या उदासीनतेवर त्याचं खापर फोडणं सोपं होतं म्हणून ते फोडलं गेलं.

1994 मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला, डीपीईपी. पहिल्या टप्प्यात आपल्याकडे औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद आणि परभणी. खर्चाचे 85 टक्के केंद्राचे, त्यामागे जागतिक बँकेसारख्यांचं कर्ज, 15 टक्के राज्याचे. यात एक छोटी पण मोलाची गोष्ट होती: शिक्षकाच्या हातात वर्षाला 500 रुपये, शैक्षणिक साहित्य स्वतः बनवण्यासाठी. पुढे सर्व शिक्षा अभियानात ती देशभर गेली. पाचशे रुपयांत पुठ्ठे, स्केचपेन, मणी, चिंचोके. पण वस्तू बाईंनी स्वतः केलेली, फाटली तर दुसरी करता येणारी. ती कपाटात राहिली नाही. पावत्या जोडायचा त्रास होता, तरीही.

आता टीव्हीकडे येऊ. 1975-76 चा उपग्रह दूरदर्शनाचा ‘साइट’ प्रयोग सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत झाला. त्यात महाराष्ट्र नव्हता. पण इन्सॅटच्या काळात ज्या सहा राज्यांत शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था निघाल्या, त्यात आपण होतो. 1984 साली पुण्यात सुरू झालेली ‘बालचित्रवाणी’ ती हीच. ते नाव काढलं की चाळिशी-पन्नाशीतले श्रोते हसतात, बघा.

शाळांना संच देण्याच्या योजनेत रेडिओ-कॅसेट प्लेअरचा पूर्ण खर्च केंद्राचा, रंगीत टीव्हीचा 75 टक्के. उरलेले 25 टक्के राज्याचे. वीज, दुरुस्ती, अँटेना हे कोणाचं, हा प्रश्न गावावर. आणि मराठीत कार्यक्रम बनवणारी संस्था? तीही केंद्राच्या अनुदानावर उभी. ते अनुदान बंद झालं, राज्याने तो भार कायमचा उचलला नाही, आणि 2017 मध्ये बालचित्रवाणी बंद करण्यात आली. हजारो कार्यक्रमांचा मराठी साठा, आणि तो सांभाळणाऱ्या माणसांचे पगार थकलेले.

आज पैशाच्या वाटा वाढल्यात. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामांवर खर्चावे लागतात, शिक्षण त्यात येतं. आमदार-खासदार निधी आहे. समग्र शिक्षेतलं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं, कमाल 1 लाख, त्यातले निदान 10 टक्के स्वच्छतेसाठी. म्हणजे जिथे पट कमी तिथे अनुदानही कमी, आणि वाडीवस्तीवरच्या शाळा नेमक्या त्याच. शिवाय लोकवर्गणी आहेच. डिजिटल शाळांची लाट आली तेव्हा गावोगाव वर्गणीतून प्रोजेक्टर आले. म्हणजे लोकलफंड भरणाऱ्यांची पतवंडं पुन्हा एकदा भरतायत.

काही मुख्याध्यापकांनी आधीच प्रश्न पाठवलाय, की कंपनीकडे अर्ज करताना काय लिहावं. इतिहास बघून आम्ही एवढंच सांगू: टीव्ही मागू नका, टीव्ही आणि त्याची पाच वर्षांची वीज आणि दुरुस्ती मागा. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडा, त्यात वस्तू फुटली तर ती निर्लेखित कोण आणि कशी करणार हे आधीच लिहून ठेवा. देणारा म्हणेल, आम्ही फक्त भांडवली खर्च देतो. तर मग ग्रामपंचायतीकडे वीजबिलाचं लेखी मागून घ्या, आणि ते पत्र हातात आल्यावरच संच उतरवून घ्या.

बरं, आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या बाईंचा हात मघापासून वर आहे.