दमयंतीची पारख

विदर्भाने भारताला दिलेल्या देणग्यांची मोजदाद करावयाची झाली, तर तीत मुलींचाच भरणा अधिक निघेल. अगस्त्याची लोपामुद्रा विदर्भाची, अजाची इंदुमती विदर्भाची, कृष्णाला पत्र धाडणारी रुक्मिणी विदर्भाची आणि कालिदासाची मालविकाही विदर्भाचीच. पण या सगळ्या माहेरवाशिणींत जिने सर्वांत लांबचा प्रवास केला, ती भीमक राजाची लेक दमयंती. महाभारताच्या वनपर्वातून निघालेली ही मुलगी फारसीत गेली, लॅटिनमध्ये गेली, कलकत्त्याच्या मूकपटात गेली, आणि अलीकडे तर ऑस्ट्रेलियातील मेलबर्नलाही जाऊन आली.

हल्ली चित्रपटांविषयी बोलताना नायक-नायिकेचे ‘रसायन’ जमले की नाही, असा प्रश्न हटकून विचारला जातो. शब्द नवा असला, तरी प्रश्न फार जुना आहे. दोन माणसे एकमेकांसमोर उभी राहिली की पाहणाऱ्याच्या काळजात काही हलते, किंवा हलत नाही, ते कशामुळे? आणि एका देशाची प्रेमकथा दुसऱ्या देशाच्या वेशात शिरली, म्हणजे ते हलणे कधी टिकते, कधी नाहीसे होते, तेही कशामुळे? या प्रश्नाचे उत्तर शोधावयास फार दूर जाण्याचे कारण नाही. ते दमयंतीने आपल्या स्वयंवरातच देऊन ठेवले आहे.

तो प्रसंग वाचकांना ठाऊक आहेच. हंसाच्या तोंडून गुण ऐकून, एकमेकांना न पाहताच, नल आणि दमयंती प्रेमात पडली. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम या चौघा देवांनाही दमयंती हवी होती. त्यांनी नलालाच आपला दूत करून तिच्याकडे पाठविले. तिने नलालाच वरण्याचा निश्चय सांगितला. मग स्वयंवराच्या दिवशी पाहते तो काय, मंडपात पाच नल बसलेले! पाचांचेही रूप एकच. तिने देवांनाच सत्याची शपथ घातली आणि आपली खरी चिन्हे प्रकट करावी अशी प्रार्थना केली. तेव्हा तिला दिसले, की चौघांच्या अंगावर घाम नाही, धूळ नाही, पापणी लवत नाही, गळ्यातील माळ कोमेजत नाही आणि पाय भूमीला टेकत नाहीत. पाचवा मात्र घामेजला आहे, त्याच्या अंगावर धूळ आहे, माळ सुकली आहे, पापणी लवते आहे आणि त्याची सावली पडली आहे. दमयंतीने त्या घामेजलेल्या माणसाच्या गळ्यात माळ घातली.

प्रेमकथांची पारख करावयाची ती याच कसोटीवर. रूप पाचांनाही सारखेच होते; प्रेम जडले ते मर्त्यपणाच्या खुणांवर. कथेला परक्या मुलुखात नेणाऱ्याने रूप नेले आणि घाम, धूळ, सावली मागेच ठेवली, तर मंडपात चार देव बसतात आणि नल हरवतो. शिवाय घाम सर्वत्र सारखा नसतो. ज्या मुलुखात कथा जाईल, तेथील घाम आणि तेथील धूळ नव्याने शोधावी लागते.

इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. अकबराच्या दरबारातील फैजीने 1594 च्या सुमारास ही कथा फारसी मसनवीत ‘नल-दमन’ या नावाने रचली. लैला-मजनूंच्या कथांवर पोसलेल्या रसिकांपुढे त्याने विदर्भाची राजकन्या उभी केली. पुढे 1819 मध्ये फ्रान्झ बॉप या जर्मन पंडिताने लंडनमध्ये नलोपाख्यान लॅटिन भाषांतरासह छापले आणि 1835 मध्ये मिलमनने ते इंग्रजी पद्यात आणले. इकडे मराठीत रघुनाथ पंडितांनी तिला अशी काही मराठमोळी केली, की शाळकरी मुलांनाही तिचा हंस ओळखीचा झाला. प्रत्येकाने आपापल्या भाषेचे अलंकार तिला घातले. परंतु वाचणाऱ्याच्या मनातील नलाला तोंडवळा नव्हता, त्यामुळे ज्याने त्याने तो आपल्या गावच्या माणसासारखा कल्पिला.

कॅमेरा आला आणि ही सोय गेली. 1920 मध्ये कलकत्त्याच्या मादन कंपनीने ‘नल दमयंती’ हा मूकपट काढला. दिग्दर्शक होते युजेनियो द लिगुओरो हे इटालियन गृहस्थ आणि दमयंती झाली होती पेशन्स कूपर ही अँग्लो-इंडियन नटी. विदर्भाची मुलगी, पारशी मालक, इटालियन दिग्दर्शक आणि अँग्लो-इंडियन नायिका! संस्कृतींची सरमिसळ याहून अधिक ती काय असावयाची? पण मौज अशी, की जी प्रीती केवळ कानांनी ऐकून जडली, ती सांगावयाची होती ज्याला आवाजच नाही अशा पडद्यावर. कॅमेऱ्याला चार देवांना नलाचे रूप देणे फारसे अवघड नव्हते. पाचव्याचा घाम दाखविणे ही खरी परीक्षा होती.

नंतर बोलपट आला. 1945 मध्ये कुमारसेन समर्थांनी ‘नल दमयंती’ पुन्हा पडद्यावर आणली. नल पृथ्वीराज कपूर, दमयंती शोभना समर्थ. त्याच्या दोनच वर्षे आधी, 1943 च्या ‘रामराज्य’मध्ये, शोभनाबाई सीता झाल्या होत्या आणि घरोघरच्या भिंतींवर सीता म्हणून त्यांची तसबीर लागली होती. जिची तसबीर देव्हाऱ्याशेजारी लागते, तिने सुकलेली माळ ओळखावी तरी कशी? लोकप्रिय मुखाची ही अडचणच असते. प्रेक्षक त्याला आधीच देव करून बसलेला असतो, आणि देवाची सावली पडत नाही.

याच्या उलट गंमत 2003 च्या तमिळ चित्रपटाची. कमल हासन यांच्या लेखणीतून उतरलेल्या ‘नल दमयंती’ या विनोदपटात स्वयंवर नाही, हंस नाही, द्यूतही नाही. नायक पालघाटचा एक भाबडा आचारी. तो मेलबर्नला जातो, अडचणीत सापडतो आणि तेथे राहता यावे म्हणून दमयंती नावाच्या मुलीशी नावापुरते लग्न करतो. वरवर पाहता मूळ कथेशी याचा संबंध नावापुरताच. पण आठवून पाहावे: राज्य गमावलेला, कर्कोटकाच्या दंशाने विद्रूप झालेला नल अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे बाहुक या नावाने काय करीत होता? घोडे हाकीत होता आणि मुदपाकखाना सांभाळीत होता. दमयंतीने त्याला दुसऱ्यांदा ओळखले ते रूपावरून नव्हेच. रथाचा घरघराट तिने ऐकला, त्याच्या हातचे रांधलेले चाखून पाहिले, मुलांना जवळ घेताच त्याच्या डोळ्यांना धारा लागल्याचे दासीकडून ऐकले, आणि तिची खात्री पटली. म्हणजे परमुलुखात चुलीपाशी उभा असलेला पोरका माणूस, हाच नलाचा गाभा. तमिळ चित्रपटाने मुकुट टाकला आणि पळी ठेवली.

पाश्चात्त्यांनाही या परीक्षेतून सुटका नाही. ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ न्यूयॉर्कच्या गल्लीत नेणारा ‘वेस्ट साइड स्टोरी’ 1961 मध्ये निघाला. त्यातील पोर्टो रिकोची नायिका झाली रशियन आईबापांची नॅटली वुड, आणि पोर्टो रिकोच्या पात्रांचे चेहरे रंग फासून सावळे केले गेले. 2021 मध्ये स्पीलबर्ग यांनी तोच चित्रपट पुन्हा काढला, तेव्हा त्या समाजाची पात्रे लॅटिन वंशाच्या नटनट्यांकडे दिली आणि त्यांचे स्पॅनिश बोलणे पडद्याखाली भाषांतर न देता तसेच ठेवले. साठ वर्षांनी का होईना, रंग म्हणजे धूळ नव्हे, हे ध्यानात आले.

आपल्याकडचा ताजा दाखला ‘सैराट’चा. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट 2016 चा. त्यात आर्ची-परश्या पळून हैदराबादला जातात. तेथे त्यांना भाषा येत नाही, झोपडीत राहावे लागते, आणि मोटारसायकल उडविणारी पाटलाची लेक बाटल्या भरण्याच्या कारखान्यात कामाला लागते. प्रेमाला पहिली धूळ लागते ती तेथे, आणि तेथेच ते खरे वाटू लागते. 2018 मध्ये त्याचा हिंदी अवतार ‘धडक’ उदयपूरच्या महालांत घडला आणि कलकत्त्याला गेला. गाणी त्याच चालीची, गोष्टही तीच. परंतु जातीची जी भिंत मूळ कथेत दारातच उभी होती, ती येथे अंधुक झाली. भिंत अंधुक झाली की ती ओलांडणाऱ्यांचे धाडसही अंधुक होते. मग दोन गोजिरे चेहरे उरतात, आणि गोजिरे चेहरे तर स्वयंवराच्या मंडपात पाच होते.

आता याच कसोटीने आपल्या झाडीपट्टीकडे पाहू. चंद्रपूर आणि 1982 मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, हे वैनगंगेच्या काठचे रानाचे जिल्हे. दमयंतीला नलाने अर्धे वस्त्र कापून घेऊन जेथे सोडले, ते अरण्य आमचेच, असा दावा कोणी करू नये. परंतु अरण्यात चुकलेल्या बाईची भीती काय असते, हे येथल्या श्रोत्यांना समजावून सांगावे लागत नाही, एवढे खरे. शिवाय सरमिसळ पाहावी तर येथे. झाडीबोली बोलणारा शेतकरी, गोंडी आणि माडिया बोलणारी गावे, सिरोंचाकडे तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्याकडे निर्वासित होऊन आलेले बंगाली, आणि पूर्व सीमेवर छत्तीसगढी. यांतील कित्येकांना दुसऱ्याच्या गोष्टी दुसऱ्याच्याच भाषेत ऐकण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे.

दिवाळी झाली, धान निघाले, की येथे मंडई आणि शंकरपट भरू लागतात आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत. गडचिरोलीतील वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या मंडळ्यांचे ठाणे. रात्री पडदा उघडतो तो पहाटे मिटतो. भंडारा-गोंदियापर्यंत पसरलेल्या या रंगभूमीचे एक जुने नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या पुष्कळांना ही रंगभूमी आहे, हे प्रथम कळले.

या रंगभूमीची मुळे दंडारीसारख्या लोकखेळात आहेत. दंडारीत बाईचे काम पुरुषच करी, आणि नाटकांतही पुष्कळ काळ तसेच चाले. लुगडे नेसलेला शेजारच्या आळीतील गडी नायिका म्हणून उभा राही आणि प्रेक्षकांतील बायाबापड्या पदराने डोळे पुशीत. बालगंधर्वांच्या शकुंतलेवर जीव टाकणाऱ्या महाराष्ट्राला याचे नवल वाटू नये. येथे रूप तर सरळच खोटे होते! मग रसायन कशाचे? ते त्या कथेतील सासुरवासाचे, सावकाराच्या कर्जाचे, दोन घराण्यांच्या वैराचे, म्हणजेच पाहणाऱ्याच्या अंगावरील धुळीचे होते. मुंबईच्या पडद्यावरून आलेली गोष्टही येथे रुजवावयाची, तर तिला आधी बांधावरून चालावे लागते. समोरचा शेतकरी दिवसभर धान झोडपून आलेला असतो. घाम नसलेला नल त्याला पहिल्या प्रवेशातच ओळखू येतो.

येथवर चित्रपट-नाटकांचे झाले. पण सणाच्या दिवशी घरातील सगळी मंडळी एकत्र बसलेली असताना एक प्रश्न टाळणे बरे नाही. पडद्यावरील मुलीने घामेजलेल्या माणसाच्या गळ्यात माळ घातली, की आपण टाळ्या वाजवितो. तीच मुलगी आपल्या माजघरातून बाहेर येऊन, ‘बाबा, मी असा असा एक माणूस निवडला आहे,’ म्हणू लागली, म्हणजे? 1954 च्या विशेष विवाह कायद्याने जात आणि धर्म यांच्या पलीकडे जाऊन लग्न नोंदविण्याची वाट मोकळी केली. नोटीस लावावी, 30 दिवस थांबावे, साक्षीदार आणावे, एवढेच. पण त्या 30 दिवसांत काय काय होऊ शकते, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्यास सांगावयास नको. ‘सैराट’चा शेवट पाहून चित्रगृहात जी निःशब्द शांतता पसरे, ती परक्याच्या दुःखाची नव्हती. तो दरवाजा आपल्यापैकी कोणाचाही असू शकेल, हे प्रत्येकाला कळले होते.

वनपर्वातील देवांचे यापुढे कौतुक वाटते. ते इंद्र होते, यम होते. त्यांना नकार मिळाला होता, आणि तोही भर सभेत. परंतु मुलीने सत्य सांगताच त्यांनी आपली चिन्हे प्रकट केली, बाजूला सरले, आणि जाताना नलाला प्रत्येकी दोन असे आठ वर देऊन गेले. हरलेल्या देवांनी दाखविलेला हा मोठेपणा हरलेल्या माणसांना जमू नये काय?

आणि देवांहूनही कौतुक करावे ते दमयंतीच्या आईचे. कथा सांगणारे तिला बहुधा विसरतात. बाहुक हाच नल असावा असा संशय येताच दमयंतीने मनातले सांगितले ते आईला. दुसऱ्या स्वयंवराची हूल उठवून ऋतुपर्णाला, आणि त्याच्याबरोबर त्या सारथ्याला, कुंडिनपुरास आणण्याचा बेत मायलेकींनी भीमक राजाला न कळविता सिद्धीस नेला. शेवटी त्या काळ्या, ठेंगण्या, विद्रूप आचाऱ्याला राजकन्येच्या महालात आणावयाचे ठरले, तेव्हा आईनेच राजाचा होकार मिळविला. लेकीची पारख खरी आहे, एवढाच तिचा विश्वास होता. त्याचे मूळचे रूप अजून प्रकट व्हावयाचे होते.

प्रेमकथा पडद्यावर किती सुंदर उतरेल, ते दिग्दर्शकाच्या हाती. त्या बाहुकासाठी घराचे दार उघडावयाचे की नाही, ते मात्र आपल्या हाती आहे.