खुनाची सजा आणि पुण्याचं दप्तर

30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्याला कापून काढलं. वय अवघं अठरा. 'ध'चा 'मा' झाल्याची दंतकथा मराठी घरांत लहान पोरांनाही ठाऊक असते, पुढची हकीकत मात्र फारशी कुणी सांगत बसत नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, धागा थेट त्याच्या काकापर्यंत, रघुनाथरावापर्यंत, पोचला आणि या पापाला देहांत प्रायश्चित्ताखेरीज दुसरा उपाय नाही, असं शास्त्रीबुवांनी त्याच्या तोंडावर सुनावलं. बाणेदारपणाची कथा म्हणून ती आजवर टिकली. अंमलबजावणी कशी झाली? शास्त्रीबुवा पुणं सोडून गेले. रघुनाथराव दहा वर्षांनी, 1783 साली, कोपरगावी आपल्या मरणानं मेला. कटातले काही लहान मासे तेवढे पुढे नाना फडणविसांच्या हाती लागले आणि त्यांना देहदंड झाला.

खुन्याला मरणाची सजा असावी की नसावी, हा वाद आपल्याकडे नेहमी तत्त्वाच्या पातळीवर घातला जातो. पुण्याचं दप्तर उघडून बसलं की वेगळंच काही दिसतं. सजा कुणाला झाली आणि कुणाला चुकली, हे खुनाच्या क्रौर्यावर क्वचितच ठरलं आहे. कधी जात आडवी आली, कधी पद, कधी जमावाचा राग, तर अलीकडे मंत्रालयात अडकलेली फाईल.

पेशवाईत हत्तीच्या पायी देणं, तोफेच्या तोंडी देणं, कडेलोट असे प्रकार होते. पण ते सर्वांसाठी नव्हते. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं 1819 मध्ये जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात एक विलक्षण नोंद आहे. ब्राह्मण कैद्याला उघड देहदंड देता येत नसे. मग विष घालून किंवा पीठ आणि मीठ समभाग घेऊन केलेल्या भाकरीवर ठेवून त्याला संपवलं जाई. बायकांना देहदंड नव्हता, पण नाक-कान कापणं होतं. म्हणजे ब्राह्मणाच्या बाबतीत शास्त्रही पाळलं गेलं आणि माणूसही मेला! हा अहवाल जेत्यानं लिहिलेला आहे हे विसरू नये, तरी मिठाची भाकरी काही कुणी सहज कल्पनेनं रचणार नाही.

ब्राह्मणांची ती सवलतही पुरती भरवशाची नव्हती. 1791 मध्ये घाशीराम कोतवालाच्या कैदेत वीसहून अधिक तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, तेव्हा पुण्यातले ब्राह्मण खवळून वाड्यापाशी जमले. घाशीराम स्वतः ब्राह्मण. पण दरबारानं त्याला जमावाच्या हवाली केलं आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं.

इंग्रजांनी निदान कागदावर एकसारखेपणा आणला. भारतीय दंड संहिता 1 जानेवारी 1862 पासून लागू झाली. तिच्या कलम 302 मध्ये खुनाला दोनच सजा होत्या, फाशी किंवा जन्मभर काळं पाणी. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं आणखी एक खुंटी मारली. खुन्याला फाशीऐवजी दुसरी सजा द्यायची, तर न्यायाधीशानं त्याचं कारण लिहून ठेवायचं. फाशी हा नियम, सूट हा अपवाद.

येरवड्याचा तुरुंग 1871 चा. प्लेग अधिकारी रँडच्या खुनाबद्दल दामोदर चापेकर तिथेच 18 एप्रिल 1898 रोजी फासावर गेले. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात काही दिवसांच्या अंतरानं वासुदेव चापेकर, महादेव रानडे आणि बाळकृष्ण चापेकर गेले. पोलिसांच्या हत्येचा ठपका ठेवून सोलापूरच्या मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी इथेच फाशी दिली. सरकारी नोंदीत हे सगळे खुनी, महाराष्ट्राच्या चौकाचौकांत ते हुतात्मे. फाशीचं समर्थन करणाऱ्या मराठी माणसालाही येरवड्याच्या नोंदवहीतली काही पानं वाचवत नाहीत, ती अशी.

1949 हे साल तर फारच गुंतागुंतीचं. 3 जून रोजी संविधान सभेत सर्वोच्च न्यायालयाच्या फौजदारी अपिलांवर चर्चा चालू होती. फाशीच्या प्रत्येक खटल्यात अपिलाचा हक्क द्यावा, असा आग्रह होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं की त्यापेक्षा फाशीच रद्द करणं आपल्याला अधिक पसंत आहे. हा देश अहिंसेची परंपरा मानतो, लोक ती आचरणात आणत नसले तरी नैतिक आदर्श म्हणून मानतात. त्याच वर्षी 15 नोव्हेंबरला गांधीहत्येबद्दल नथुराम गोडसे आणि नारायण आपटे या पुण्याच्या दोघांना अंबाल्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्यांचा जीव वाचावा म्हणून खुद्द गांधीजींच्या मुलांनी, मणिलाल आणि रामदास यांनी, विनंती केली होती. ती मानली गेली नाही. आंबेडकरांची सूचनाही पुढे सरकली नाही.

कायदा मात्र हळूहळू उलटा फिरत गेला. 1955 च्या दुरुस्तीनं ती जुनी खुंटी काढून टाकली आणि 1974 पासून लागू झालेल्या नव्या प्रक्रिया संहितेनं गणितच पालटलं. आता फाशी देणाऱ्या न्यायाधीशानं 'विशेष कारणं' लिहायची. 9 मे 1980 रोजी बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फाशी घटनात्मक ठरवली, पण ती 'दुर्मिळातल्या दुर्मीळ' प्रकरणापुरती. खंडपीठाचे प्रमुख होते पुण्याचे यशवंत चंद्रचूड. पाचांपैकी एकट्या न्यायमूर्ती भगवतींनी विरोधी मत दिलं. त्यांचा मुद्दा असा की कुणाला जगवायचं आणि कुणाला मारायचं, हे शेवटी समोर कोणते न्यायाधीश बसले आहेत यावर ठरतं.

'दुर्मीळ' म्हणजे काय, याचं उत्तर पुण्यानं तोवर डोळ्यांनी पाहिलं होतं. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात शहरात दहा खून झाले. ऑक्टोबरमध्ये विजयानगर कॉलनीतलं जोशी कुटुंब, डिसेंबरच्या पहिल्याच दिवशी भांडारकर रस्त्यावर संस्कृत पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर आणि त्यांच्या घरातले चौघं. संध्याकाळ झाली की पेठांमधले दरवाजे बंद होत आणि ओळखीचा आवाज आल्याशिवाय कडी निघत नसे. आरोपी निघाले टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा यांना सप्टेंबर 1978 मध्ये फाशी सुनावली गेली; पाचवा माफीचा साक्षीदार झाला. एप्रिल 1979 मध्ये उच्च न्यायालयानं आणि नोव्हेंबर 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा कायम केली. इतकी वर्षं फाशीच्या छायेत काढली, निदान त्यासाठी तरी जन्मठेप द्या, असा अर्ज 1983 मध्ये झाला. गुन्ह्याचं क्रौर्य पाहता केवळ विलंबाचा फायदा देता येणार नाही, असं म्हणत न्यायालयानं तो फेटाळला. 27 नोव्हेंबर 1983 रोजी चौघांना येरवड्यात फाशी झाली. पुण्यात त्या दिवशी हळहळ करणारे फार नसावेत, आणि ते समजण्यासारखं आहे.

आता त्याशेजारी पुण्यातलीच दुसरी फाईल ठेवू. 2007 मध्ये एका बीपीओतल्या तरुणीवर कंपनीच्या गाडीच्या चालकानं साथीदारासह बलात्कार करून तिचा खून केला. दोघांची फाशी सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये कायम केली, दयेचे अर्ज फेटाळले गेले, 24 जून 2019 ही तारीखही पडली. पण त्या चार वर्षांत सरकारनं दाखवलेल्या ढिलाईमुळे मुंबई उच्च न्यायालयानं ती सजा 35 वर्षांच्या कैदेवर आणली. मुलं पळवून त्यांना ठार मारणाऱ्या कोल्हापूरच्या गावित बहिणींचं तेच झालं. 2006 मध्ये शिक्कामोर्तब झालेली त्यांची फाशी जानेवारी 2022 मध्ये जन्मठेपेत बदलली, कारण दयेच्या अर्जांवर सरकारी खाती जवळपास आठ वर्षं बसून होती. या दोन्ही निकालांत कायदेशीर खोट काढता येणार नाही. पण 1983 चे चौघं आणि हे चौघं यांत क्रौर्याचा फरक कुणी दाखवून द्यावा! मधल्या काळात विलंबाबद्दलची न्यायालयाची भूमिका बदलली, एवढाच काय तो फरक.

सगळ्यात बोलकं प्रकरण नाशिकचं. 2003 मध्ये शेतवस्तीवरच्या एका कुटुंबावर दरोडा पडला, पाच जणांचे खून झाले. भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना पकडण्यात आलं. उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम ठेवून उरलेल्या तिघांना जन्मठेप दिली होती. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. त्यांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे सिद्ध झालं. 5 मार्च 2019 रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. घरातल्या जखमी साक्षीदार बाईनं पोलिसांच्या फोटोंमधून भलतेच चार जण ओळखले होते आणि तो कागद दडपला गेला होता. प्रत्येकाला 5 लाख रुपये भरपाई मिळाली. फाशी लगेच का देत नाहीत, असं टीव्हीवर तावातावानं विचारणाऱ्यांनी हा निकाल एकदा वाचावा. 2009 नंतर सरकारी खाती चपळ निघाली असती, तर भरपाई घ्यायला कुणी उरलं नसतं.

ऑगस्ट 2015 मध्ये विधी आयोगानं, सोलापुरात जन्मलेले न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा अध्यक्ष असताना, दहशतवाद आणि देशाविरुद्धचं युद्ध वगळता फाशी रद्द करावी अशी शिफारस केली. जोशी-अभ्यंकर प्रकरणातल्या चौघांना मरेपर्यंत तुरुंगात ठेवलं असतं, तरी पुणं तेवढंच सुरक्षित राहिलं असतं. नाशिकच्या सहांना फासावर दिलं असतं, तर ती चूक कुठल्याच न्यायालयाला दुरुस्त करता आली नसती. त्यामुळे आयोगाचं म्हणणं रास्त होतं. दंड संहिता नव्यानं लिहिली जात असताना ते मान्य करण्याची संधी चालून आली होती. पण 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 103 मध्ये खुनाला आजही फाशी किंवा जन्मठेपच आहे.