परुळकर, दिलीप कमलाकर

भारतीय हवाई दलातील मराठी वैमानिक व १९७२ मधील रावळपिंडी येथील युद्धबंद्यांच्या पलायनाचे सूत्रधार. मार्च १९६३ मध्ये ते हवाई दलात अधिकारी झाले. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात शत्रूच्या माऱ्याने त्यांच्या विमानाची हानी झाली व उजव्या खांद्यास जखम झाली. मोहिमेच्या प्रमुखाने विमान सोडून देण्याचा सल्ला दिला असताही त्यांनी ते तळावर सुखरूप आणले. या कामगिरीबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळाले.

भूलक्ष्यांवर हल्ला करणाऱ्या वैमानिकास अतिशय खालून उडावे लागते. त्यामुळे शत्रूच्या विमानांपेक्षा जमिनीवरील विमानवेधी तोफांचे भय त्यास अधिक असते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन वैमानिक हान्स-उलरिख रूडेल (१९१६–८२) याने अडीच हजारांहून अधिक मोहिमा केल्या. त्याचे विमान अनेकदा पडले, ते जमिनीवरील माऱ्यामुळेच. मार्च १९४४ मध्ये तो रशियनांच्या हाती सापडला, पण निसटून परतला. १९७१ च्या युद्धात हे काम भारताच्या बाजूने मुख्यतः सुखोई–७ या एका एंजिनाच्या रशियन विमानांकडे होते. दोन ३० मिमी. तोफा असलेले हे विमान दणकट, पण अल्प पल्ल्याचे होते.

परुळकर हे आदमपूर येथील २६ व्या स्क्वॉड्रनमधून सुखोई चालवीत. १० डिसेंबर १९७१ रोजी झफरवालच्या परिसरात त्यांचे विमान पाडण्यात आले. हवाई छत्रीने उतरल्यावर ते पकडले गेले. १७ डिसेंबरला युद्धविराम व २ जुलै १९७२ रोजी सिमला करार होऊनही युद्धबंद्यांची सुटका लांबली. पकडले गेल्यास पळून जाण्याचा त्यांचा निर्धार जुनाच होता. मालविंदरसिंग ग्रेवाल व हरीश सिंहजी यांच्यासह त्यांनी कोठडीच्या भिंतीतील विटा गुप्तपणे सैल केल्या आणि १२-१३ ऑगस्टच्या रात्री, वादळी पावसाच्या आडोशाने, ते तिघे निसटले.

पूर्वेकडील सीमेवर बंदोबस्त कडक असणार, हे जाणून त्यांनी अफगाणिस्तानचा मार्ग धरला. पेशावर, जमरूड असे करीत ते लंडी कोतलला पोहोचले. तेथून सरहद्द काही किलोमीटरांवरच होती. तेथे त्यांनी लंडी खाना या रेल्वेस्थानकाची चौकशी केली. परंतु तो लोहमार्ग १९३२ मध्येच बंद झाला होता. त्यामुळे स्थानिकांना संशय येऊन ते पुन्हा पकडले गेले. जिनीव्हा करारानुसार (१९४९) पलायन हा युद्धबंद्याचा गुन्हा नव्हे. त्याबद्दल फक्त शिस्तभंगाची, जास्तीत जास्त तीस दिवसांची, शिक्षा देता येते. पुढे तिघांना लायलपूर (सध्याचे फैसलाबाद) येथील तुरुंगात ठेवण्यात आले. १ डिसेंबर १९७२ रोजी इतर युद्धबंद्यांसमवेत ते वाघामार्गे भारतात परतले.

परुळकर ग्रुप कॅप्टन या पदावरून निवृत्त झाले. विशिष्ट सेवा पदकाचेही ते मानकरी होते. ऑगस्ट २०२५ मध्ये पुणे येथे त्यांचे निधन झाले. पलायन तडीस गेले नाही, तरी विमान पडल्यावर वैमानिकाचे कर्तव्य संपत नाही, ही त्यांची धारणा त्यातून कृतीत उतरली. यामुळेच भारतीय हवाई दलाच्या इतिहासात या प्रसंगास विशेष स्थान आहे.