हात न लावताच बंद पडलेली चौकट

२०१७ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या कॅमेऱ्याचे चित्र जवळच्या एका शाळेत थेट दिसावे, अशी सोय आम्ही काही वर्षांपूर्वी केली होती. वर्गातल्या संगणकावर ब्राउझरमध्ये एक पान उघडायचे, की त्यातल्या चौकटीत डबक्यातल्या पाण्यातले पॅरामिशियम पोहताना दिसे. मुलांना याचे भारी वेड. पण त्या वर्षी शाळा सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी चौकट कोरी राहिली. जीवशास्त्राच्या बाईंचा फोन आला, "सर, आम्ही कशालाही हात लावलेला नाही हो!"

बाई खरेच सांगत होत्या. कॅमेरा ठीक होता, तारा ठीक होत्या, प्रयोगशाळेतून चित्र निघतही होते. बदलला होता तो ब्राउझर. सुट्टीत त्याने स्वतःच स्वतःची नवी आवृत्ती घेतली होती. चौकटीत चित्र दाखवण्याचे काम ब्राउझर करत नव्हताच. ते काम त्याला बाहेरून जोडलेला एक छोटा भाग, म्हणजे प्लगइन करत असे. असे भाग जोडण्याची पद्धत १९९५ साली नेटस्केप या ब्राउझरसाठी तयार झाली आणि पुढे इतरांनीही उचलली. तिच्यात एक मोठी उणीव होती. जोडलेल्या भागाला संगणकात जवळजवळ कुठेही शिरता येई. घरात पाहुणा म्हणून आलेल्याच्या हाती सगळ्या किल्ल्या दिल्यासारखेच हे. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये ही पद्धत पूर्णपणे बंद केली, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये फ्लॅश वगळता बाकी सगळ्यांसाठी. आमचे प्लगइन जसेच्या तसे होते, त्याच्या पायाखालची जमीन मात्र गेली होती.

हे प्लगइन व्हीएलसी या चित्रफिती दाखवणाऱ्या आज्ञावलीचे होते. नारिंगी-पांढऱ्या शंकूचे तिचे चिन्ह आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. आज्ञावली लिहिणे आणि ती चालू ठेवणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे मला तिच्या इतिहासातून नीट कळले.

पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी महाविद्यालयात १९९६ साली तिची सुरुवात झाली. वसतिगृहातले संगणक टोकन रिंग पद्धतीने जोडलेले होते. वर्गात ज्याच्या हातात खडू त्यानेच बोलायचे, असा नियम केला तर काय होईल? खडू फिरत फिरत आपल्यापर्यंत येईतो वाट पाहावी लागेल. टोकन रिंगचे तसेच होते. विद्यार्थ्यांना वेगवान जाळे हवे होते (मुख्यतः खेळ खेळण्यासाठी, हे त्यांनी कधी लपवले नाही), पण त्यासाठी पैसे कोण देणार? मग एक कल्पना पुढे आली. प्रत्येक खोलीला उपग्रह दूरदर्शनची वेगळी तबकडी आणि वेगळी पेटी देण्याऐवजी एकच तबकडी बसवावी आणि तिचे कार्यक्रम जाळ्यातून खोल्याखोल्यांत पोहोचवावेत. त्यासाठी जाळे वेगवान लागणारच! या प्रकल्पाला व्हिडिओलॅन असे नाव पडले. पाठवणारा सर्व्हर आणि पाहणारा क्लायंट असे त्याचे दोन भाग होते. व्हिडिओलॅन क्लायंटचे लघुरूप व्हीएलसी. पुढे पाठवण्याचे कामही क्लायंटच करू लागला, पण नाव तेच राहिले. शंकूचे चिन्ह आले ते विद्यार्थ्यांच्या संगणक मंडळाने रस्त्यावरचे असे शंकू गोळा करून ठेवले होते म्हणून. ते त्यांनी कसे मिळवले, हे विचारू नये.

या कामातली अडचण किती मोठी होती, याचा हिशेब वर्गात सहज करता येईल. दूरदर्शनच्या एका चित्रात ७२० गुणिले ५७६ बिंदू असतात. सेकंदाला २५ चित्रे आणि प्रत्येक बिंदूला १६ बिट धरले, तर सेकंदाला सुमारे १६ कोटी ६० लाख बिट होतात. टोकन रिंगचा वेग सेकंदाला ४० लाख किंवा १ कोटी ६० लाख बिट. म्हणून चित्र एमपीईजी-२ पद्धतीने दाबून सेकंदाला काही दशलक्ष बिटांवर आणावे लागते आणि पाहणाऱ्याच्या संगणकाने ते तितक्याच वेगाने उलगडावे लागते.

त्याहून अवघड प्रश्न घड्याळाचा. जवळ असलेली फाइल दाखवताना संगणक आपल्या सोयीने पुढचा भाग वाचतो. थेट प्रवाहात वेग ठरवतो तो पाठवणारा. आता दोन संगणकांची घड्याळे कधीच तंतोतंत सारखी चालत नाहीत. समजा, त्यांच्यात दहा लाखांत ५० भागांचा फरक आहे. एका तासात ०.१८ सेकंदाची तफावत पडेल. पाहणाऱ्याचे घड्याळ पुढे धावत असेल, तर साठवलेला भाग संपून चित्र अडखळेल. मागे राहत असेल, तर साठा वाढत जाऊन शेवटी ओसंडेल. म्हणून प्रवाहातच अधूनमधून पाठवणाऱ्याच्या घड्याळाची वेळ कोरलेली असते आणि पाहणारी आज्ञावली आपले घड्याळ तिच्याशी जुळवत राहते.

शिवाय प्रवाहातले काही तुकडे वाटेत हरवणार, हे गृहीतच धरलेले. एमपीईजी-२ चा प्रवाह १८८ बाइटच्या छोट्या पाकिटांत विभागलेला असतो. एक पाकीट गेले तर पुढच्यापासून सूर धरायचा. अर्धवट उतरवलेली किंवा थोडी बिघडलेली चित्रफीतही व्हीएलसीवर चालते, याचे मूळ या वसतिगृहात आहे.

१९९८ साली विद्यार्थ्यांनी सगळी आज्ञावली मुळापासून पुन्हा लिहिली आणि १ फेब्रुवारी २००१ रोजी, महाविद्यालयाच्या संमतीने, ती जीएनयू परवान्याखाली सर्वांसाठी खुली झाली. कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी. व्हीएलसीचा गाभा लहान आहे. फाइल वाचणे, उलगडणे, पडद्यावर दाखवणे ही कामे वेगवेगळे सुटे विभाग करतात. त्यामुळे कोणा अनोळखी माणसाला आपल्यापुरता एक विभाग दुरुस्त करता येतो.

पण लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी पदवी घेऊन बाहेर पडतात. मग मागे राहिलेल्या लाखो ओळी कोणाच्या? २००९ साली व्हिडिओलॅन महाविद्यालयापासून वेगळी झाली आणि नफा न कमावणारी संस्था म्हणून उभी राहिली. जाँ-बाप्तिस्त केंप या माजी विद्यार्थ्याने तिची धुरा घेतली. दुसऱ्या आज्ञावल्यांनाही गाभा वापरता यावा म्हणून २०११ आणि २०१२ मध्ये परवाना सौम्य करायचे ठरले. आता प्रत्येक ओळीचा हक्क ती लिहिणाऱ्याकडे असतो, म्हणजे शेकडो लोकांना शोधून त्यांची संमती घेणे आले. या कामाने आज्ञावलीत नवे काहीच दिसत नाही. पडद्यावर शंकू तोच. देखभालीच्या कामांची गंमत आणि व्यथा हीच आहे, आणि संशोधनातही उपकरणे सांभाळणाऱ्यांचे नाव निबंधावर क्वचितच येते.

जुलै २०१९ मध्ये जर्मनीच्या सरकारी संगणक-सुरक्षा विभागाने व्हीएलसीत गंभीर त्रुटी असल्याचा इशारा दिला आणि ती काढून टाका, अशा बातम्या जगभर झळकल्या. तपासाअंती निघाले ते असे. चूक व्हीएलसीच्या ओळींत नव्हती, तर ती वापरत असलेल्या लिबईबीएमएल या दुसऱ्यांच्या लायब्ररीत होती. तिथेही ती १६ महिन्यांपूर्वीच दुरुस्त झालेली होती. तक्रार करणाऱ्याच्या संगणकावर जुनी लायब्ररी राहून गेली होती. बातमी वाचून मी आमच्या प्रयोगशाळेतला संगणक उघडून पाहिला. तिथेही जुनीच होती!

आपल्याकडे फेब्रुवारी २०२२ पासून व्हिडिओलॅनचे संकेतस्थळ उघडेनासे झाले. बंदी सरकारी होती, पण कारण संस्थेला कळवलेले नव्हते. ऑक्टोबरमध्ये इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने संस्थेने कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. मधल्या काळात धोका वेगळाच होता. मूळ जागा बंद झाली, की लोक मिळेल तिथून प्रत उतरवतात. त्या प्रतीत कोणी काय मिसळले आहे, हे कोणाला कळणार?

शाळेतल्या बाईंचा पुन्हा फोन आला तो याच काळात. कोरी चौकट आम्ही तेव्हाच सोडून दिली होती. २०१७ पासून त्या ब्राउझरऐवजी सरळ व्हीएलसीच उघडतात आणि प्रवाहाचा पत्ता तिच्यात भरतात. आता शाळेला नवे संगणक मिळाले होते आणि कोणीतरी पेनड्राइव्हवर व्हीएलसी आणून दिली होती. ती घालू का, असे त्या विचारत होत्या. मी म्हटले, थांबा, आमच्याकडे मूळ संकेतस्थळावरून पूर्वी उतरवलेली प्रत आहे, ती घेऊन येतो. दुसऱ्या दिवशी दुपारच्या तासाला पॅरामिशियम पुन्हा पोहू लागले.