वर्गणीच्या पावतीवरचा क्रमांक

श्रावण सरत आला की पुण्याच्या कसबा पेठेत पावतीपुस्तकं फिरू लागतात. पावतीवर मंडळाचं नाव, गणपतीचं चित्र आणि बारीक अक्षरांत धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचा ‘नों. क्र.’. त्यातलं ‘एफ’ म्हणजे सोसायटी कायद्याखालीही नोंदलेली संस्था, ‘ई’ म्हणजे इतर न्यास. वर्गणी देणारा ही ओळ सहसा वाचत नाही.

हिशेब मागण्याची पुणेकरांची सवय या क्रमांकाहून बरीच जुनी. पर्वती संस्थानाच्या पंचांच्या कारभारावर लोक नाराज होते. पण लोकांच्या वतीने बोलायचं तर अधिकारपत्र हवं. गणेश वासुदेव जोशी यांनी ते लोकांकडूनच घेतलं. २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा उभी राहिली. सभासद व्हायला किमान पन्नास जणांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र लागे. विश्वस्ताला जाब विचारण्याचा हक्क कुणाचा, याचं इतकं नेमकं उत्तर पुढच्या कायद्यांनाही लवकर जमलं नाही.

१८९३ मध्ये कसबा गणपतीचा उत्सव सार्वजनिक झाला आणि घरोघरची वर्गणी मंडळाच्या हाती आली. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ९२ होतं, पण त्यासाठी दोन हितसंबंधी माणसं आणि महाधिवक्त्याची लेखी संमती लागे. गल्लीतला माणूस तिथवर कधी पोहोचणार?

ती वाट १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याने सोपी केली. धर्मादाय आयुक्त आले, नोंदणी आणि हिशेबतपासणी सक्तीची झाली. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज. न्यासाची जागा विकायची तर कलम ३६ ची पूर्वपरवानगी; कसब्यातल्या वाड्यांच्या पुनर्विकासात न्यासाची मालकी निघाली की हे कलम आडवं येतं, आणि ते यायलाच हवं. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणीसाठी कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते.

सरकारलाही मर्यादा पडली. १९५४ मध्ये रतिलाल गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की न्यासाचा मूळ धार्मिक हेतू पार पाडता येत असताना त्याचा पैसा दुसऱ्या लोकोपयोगी कामाकडे वळवता येणार नाही.

२०१७ च्या दुरुस्तीने विश्वस्तबदलाला आधी तात्पुरती मान्यता मिळण्याची सोय झाली. कामं अडू नयेत म्हणून हे योग्यच. मात्र हरकत घ्यायला कुणी जागं नसेल, तर तात्पुरतं ते कायमचं होतं. म्हणून यंदा वर्गणी द्या, पावतीवरचा क्रमांक वाचा आणि विसर्जनानंतर जमाखर्च मागून घ्या.