वयाला शोभेल असं : ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या चाळिशीपुढच्या कपड्यांची गोष्ट

मागे बसलेल्यांना आवाज येतोय ना? येतोय. मग सुरुवात करू या.

इतिहासाच्या व्याख्यानात कपाट कशाला उघडायचं, असं विषय वाचून काहींना वाटलं असेल. पण एक वाक्य तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या घरात बोललं जातं. "आता या वयात हे शोभतं का?" साडीच्या दुकानात बोललं जातं, लग्नाला निघताना आरशासमोर बोललं जातं, आणि बऱ्याचदा दुसऱ्या कुणी बोलायच्या आत आपणच ते स्वतःला ऐकवतो. हे वाक्य आलं कुठून आणि ते बोलायचा अधिकार कोणाचा, याचा इतिहास आज बघायचा आहे. तोही आपल्याच भागाचा, म्हणजे ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतचा.

पहिला मुद्दा असा, की दीडशे वर्षांपूर्वी बाईच्या बाबतीत 'मध्यमवय' अशी वेगळी गोष्टच नव्हती. ती काय नेसणार हे तिच्या वयावर नाही, तर ती कोणाची कोण आहे यावर ठरायचं. कुमारिका, सवाशीण, विधवा. लग्न नवव्या-दहाव्या वर्षी, पस्तिशीत सासूबाई. ब्राह्मण आणि तत्सम जातींत नवरा गेला की केशवपन आणि अलवण. मग ती बारा वर्षांची असो की पन्नास वर्षांची, कपडा एकच. म्हणजे बारा वर्षांची मुलगी एका दिवसात म्हातारी व्हायची. वय शरीराला नव्हतं, लुगड्याला होतं.

पण हे सगळ्या समाजाचं चित्र नव्हे, हेही लगेच सांगतो. ठाण्याच्या खाडीकाठच्या आगरी-कोळी बायकांचं लुगडं गुडघ्यापर्यंत घट्ट कासलेलं. मिठागरात, चिखलात, भातखाचरात उभं राहायचं तर घोळदार नेसण चालणार कसं? तिथे वीस वर्षांची सून आणि पन्नास वर्षांची सासू यांची नेसण्याची तऱ्हा एकच, कारण काम एकच. 'शोभतं का' हा प्रश्न पांढरपेशा घरातला आहे. कष्टकरी घरातला प्रश्न 'जमतं का' हा होता. पुढे लोकलमध्ये हे दोन प्रश्न एकमेकांसमोर आले, म्हणून लक्षात ठेवा.

आता एक नाव सांगतो. नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८, ठाणे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, गिरणी कामगारांचे पहिले मोठे पुढारी. रविवारची सुट्टी त्यांच्या चळवळीमुळे मिळाली, हे आपल्याला माहीत असतं. १८९०चीच दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. त्या वर्षी त्यांनी मुंबईत न्हावी समाजाची सभा भरवली, आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, अशी भूमिका त्या लोकांनी घेतली. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. बाईने कसं दिसायचं हे ठरवणाऱ्या साखळीतला एक दुवा त्या दिवशी निसटला, आणि तो निसटवणारा माणूस ठाण्याचा होता.

दुसरं नाव कल्याणचं. आनंदीबाई जोशी. कल्याण त्यांचं माहेर, आणि नवरा गोपाळराव टपाल खात्यात. १८८३ साली त्या अमेरिकेला गेल्या, १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. १८८५चा एक फोटो आहे, आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिला असेल. शेजारी जपानची एक आणि सिरियाची एक विद्यार्थिनी, तिघी आपापल्या देशाच्या वेषात. आनंदीबाई साडीत. तेव्हा इकडे लोकांना काळजी काय होती? ही बाई तिकडे जाऊन कपडे बदलेल, म्हणजे धर्म बदलेल. त्यांची साडी हे त्या शंकेला दिलेलं उत्तर होतं. आवड, थंडी, सोय या सगळ्याच्या आधी समाजाला उत्तर द्यायचं. ही सवय आपल्याकडून अजून पूर्ण गेलेली नाही.

आता विसाव्या शतकात येऊ. नऊवारीची सहावारी झाली, लोक तिला पाचवारी किंवा गोल साडी म्हणायचे. शिकलेल्या मुलींनी ती आधी धरली. मग दुसरं महायुद्ध आलं. कापडाची टंचाई, काळाबाजार. १९४३ साली सरकारने कापडावर नियंत्रणं आणली आणि 'कंट्रोलचं कापड' हा शब्द घरोघरी गेला. नऊ वारापेक्षा पाच-सहा वार घेणं खिशालाही सोपं. तरी घराघरांत एक रेघ ओढली गेली. सून सहावारीत, सासू नऊवारीत. म्हणजे पूर्वी लुगडं नातं सांगायचं, ते आता वय सांगायला लागलं. पंचेचाळिशीच्या बाईने सहावारी नेसली, की "हिला आता तरुण व्हायचंय" असा टोमणा ठरलेला. 'वयाला शोभेल असं' हे वाक्य आज आपण ज्या अर्थाने वापरतो, तो अर्थ मला वाटतं इथे पक्का झाला.

गंमत अशी, की हा सगळा टापूच कापडाचा. भिवंडीत यंत्रमाग. शहाडला सेंच्युरी रेयॉन, आंबिवली-मोहोन्याला एनआरसी, दोन्हीकडे रेयॉनचा धागा. उल्हासनगरला फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांनी लष्करी छावणीच्या बराकींमध्ये संसार उभे केले आणि शिवणकामाचे कारखाने काढले. गजानन मार्केट आजही लग्नसराईत भरून वाहतं, आणि तिथल्या जीन्स देशभर गेल्या. ठाण्यात १९२५ची वाडियांची लोकरीची गिरणी, ती १९४४ साली सिंघानियांनी घेतली, तीच रेमंड. सगळ्या देशातल्या नवरदेवांच्या सुटाचं कापड ठाण्यात विणलं जायचं. आणि ठाण्यातल्या कारकुनाकडे स्वतःचा सूट किती? एक. लग्नातला. तो डांबराच्या गोळ्या घालून कपाटात टांगलेला, आणि मुलाच्या लग्नात काढला तर बटण लागत नाही!

हसताय, पण पुरुषांच्या बाबतीतही हा प्रश्न आहेच. चाळिशीनंतर पुरुषाचा कपडा त्याच्या हुद्द्याचा व्हायचा. पांढरा किंवा फिकट शर्ट, गडद पँट, फार तर सफारी. रंगीत शर्ट घातला की ऑफिसात विचारणार, "काय साहेब, आज काय विशेष?" आणि निवृत्त झाल्यावर त्याला कळेनासं व्हायचं, की आता घालायचं काय? हुद्दा गेला, त्याच्याबरोबर कपडाही गेला. रेमंडची ती गिरणी २००९ साली बंद झाली, त्या जमिनीवर आता राहण्याचे मनोरे उभे आहेत. आणि सकाळी उपवन तलावाला फेऱ्या मारणारे साठीचे गृहस्थ बर्म्युडा आणि टी-शर्टमध्ये दिसतात. पुरुषांचा हा बदल कोणी फारसा टोचून बोललं नाही, म्हणून कोणी लिहूनही ठेवला नाही.

आता मुख्य गोष्ट. लोकल. १६ एप्रिल १८५३ला गाडी ठाण्यात आली, १८५४ला कल्याणला. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा काळ साधारण १९६० ते १९९०. मुंबईत जागा परवडेना म्हणून मराठी मध्यमवर्ग डोंबिवलीला आला, आणि घराचे हप्ते फेडायला बायकाही नोकरीला लागल्या. बँक, एलआयसी, टेलिफोन, मंत्रालय, शाळा. पहाटे उठून डबे, मुलांची शाळा, आणि धावत गाडी. सुती साडीला खळ, इस्त्री. कोणाला वेळ? नायलॉन, टेरिकॉट, जॉर्जेट आलं आणि रात्री धुतलेली साडी सकाळी नेसता यायला लागली. पदराला पिन, निऱ्यांना पिन, शिवाय जास्तीच्या दोन पिना पर्समध्ये. गर्दीत पदर अडकला तर जिवावर बेतायचं. पंजाबी ड्रेस आला तो आधी तरुण मुलींच्या अंगावर. ऐंशी-नव्वदच्या दशकांत तो चाळिशीच्या बायकांनी घेतला. कारण काय दिलं? फॅशन नाही. "गाडीत चढायला सोयीचं पडतं." आगरी-कोळी बायकांचा तोच जुना प्रश्न, 'जमतं का'. पांढरपेशा बाईने कष्टकरी बाईचं कारण पुढे केलं आणि घरातल्यांना गप्प केलं. सोय हे नेहमीच बळकट कारण असतं. आवड त्याच्या आडून आत येते.

१९९२ साली मुंबईत महिलांसाठी स्वतंत्र लोकल सुरू झाल्या, पश्चिम रेल्वेवर आणि त्याच वर्षी मध्य रेल्वेवरही. पण त्याच्या कितीतरी आधीपासून लेडीज डबा हे एक वेगळंच गाव होतं. तिथे भाजी निवडली जायची, भिशी लागायची, संक्रांतीचं हळदीकुंकू व्हायचं, दसऱ्याला डबा सजायचा. फेरीवालीकडून कानातली, क्लिपा, नेलपॉलिश. ऑफिसातली एखादी मैत्रीण साड्या आणायची, पैसे हप्त्याने. आता विचार करा. दुकानात बरोबर नवरा किंवा सासू असायची. डब्यात निवडणारी ती, पैसे तिचे, आणि "घे गं, खुलून दिसेल तुला" म्हणणारी रोजची मैत्रीण. पन्नाशीच्या बाईच्या अंगावर पोपटी रंग आला तो या डब्यातून आला.

आत्मविश्वास म्हणजे मनातून उसळून येणारी काहीतरी वस्तू, असं आजकाल फार सांगितलं जातं. आरशासमोर उभं राहा, स्वतःवर प्रेम करा वगैरे. आपल्या भागाचा इतिहास वेगळं सांगतो. इथे आत्मविश्वास एकटीला आला नाही, तो घोळक्याला आला.

पुरावा हवा? नवरात्राचे नऊ रंग घ्या. ही काही पुराणातली परंपरा नाही. २००३-०४च्या सुमारास महाराष्ट्र टाइम्सने ती कल्पना वाचकांपुढे मांडली, आणि बघता बघता अख्खा डबा एका रंगात. पिवळा म्हणजे सगळ्याच पिवळ्या. आता "या वयात हा रंग?" असं विचारणार कोणाला? पन्नास जणींना? रंगाची जबाबदारी वारावर गेली, बाईच्या डोक्यावरून उतरली. आणि एकदा घेतलेली पिवळी साडी पुढे वर्षभर नेसली गेली.

दुसरा पुरावा डोंबिवलीचाच. १९९९ साली श्री गणेश मंदिर संस्थानच्या पुढाकाराने गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली, पुढे ठाण्यात आणि इतरत्र पसरली. त्यात नऊवारी, फेटा, नथ, डोळ्यांवर गॉगल आणि खाली बुलेट! त्यातल्या कितीतरी जणी चाळिशी-पन्नाशीच्या. ज्या नऊवारीने त्यांच्या आजीला म्हातारी ठरवलं, त्याच नऊवारीत नात मिरवते आहे. फरक एवढाच, की आता ती शिवलेली मिळते, दोन मिनिटांत चढते. काहींना ते नाटकी वाटतं, वाटू दे. कपडा तोच, अर्थ उलटा झाला, ही इतिहासात फार मोठी घटना असते.

म्हणजे सगळं छान झालं का? नाही. २०१४ साली नवी मुंबईतल्या गोठिवली गावात महिला मंडळानेच दिवसा मॅक्सी घालून बाहेर फिरण्यावर ५०० रुपये दंड लावला होता. नियम करणाऱ्या बायका, दंड भरणाऱ्याही बायका. घोळका बळ देतो तसा पहाराही देतो. मार्च २०२४मध्ये राज्य सरकारने शिक्षकांच्या पोशाखाचे नियम काढले. जीन्स, टी-शर्ट नको. शिक्षिकांनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा, शिक्षकांनी शर्ट खोचलेला. वर्गात काय घालावं यावर मतं वेगवेगळी असतील. पण पंचवीस वर्षं शिकवलेल्या बाईला काय नेसावं ते अजून कागदावर सांगावंसं वाटतं, याची इतिहासाने नोंद घ्यायलाच हवी.

आणि सर्वात महत्त्वाचं. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. मग राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही त्याच वाटेने जायला सांगितलं. १८९० ते २०२२. लोखंड्यांच्या सभेपासून १३२ वर्षं. वस्तरा गेला, पण टिकली पुसणारा हात राहिला. डोंबिवलीच्या सोसायट्यांमध्ये असा ठराव कोणी केलेला नसतो. तिथे फक्त हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही, आणि साडीचे रंग हळूहळू फिके होत जातात. कोणी काही बोलत नाही, म्हणून भांडायचं कोणाशी हेही कळत नाही.

म्हणून शेवटी एवढंच. चाळिशी-पन्नाशीत काय घालावं याचे सल्ले देणारे पुष्कळ आहेत, मी देणार नाही. इतिहासाचा अभ्यासक म्हणून फक्त एवढं सांगेन, की 'शोभतं' या शब्दाचा अर्थ आपल्याच तीन पिढ्यांत तीनदा बदलला. आधी नात्याला शोभेल असं, मग वयाला, मग प्रसंगाला. तो दर वेळी बदलला तेव्हा बायकांच्या हातात स्वतःचे पैसे होते आणि शेजारी "घे गं" म्हणणारी कोणीतरी होती. ज्या बाईकडे नोकरी नाही, डबा नाही, भिशी नाही, नवराही राहिलेला नाही, तिच्या शेजारी ती कोणीतरी कोण असणार? पुढच्या संक्रांतीला आपल्या मजल्यावरच्या बोलावण्यांची यादी करताना हा प्रश्न स्वतःला जरूर विचारा.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.