बालवाडीतील निवडपाखड

सुपात ज्वारी घेऊन आजी निवडायला बसली, की नातवंड तिच्या गुडघ्याला खेटून बसते आणि थोड्याच वेळात तेही खडे वेचू लागते. हे दृश्य ताडकळसच्या श्रोत्यांना आम्ही वर्णन करून सांगावे असे नाही. निवडणे, वेचणे, पाखडणे, चाळणे, प्रत लावणे! सारखे ते एकत्र आणि वेगळे ते बाजूला, या एका कामासाठी आपल्या भाषेने किती शब्द जपले आहेत. परंतु हेच काम तीन-चार वर्षांच्या मुलाच्या बुद्धीचे पहिले शिक्षण आहे, हा विचार आपल्याकडे आला तो आजीच्या सुपातून नव्हे. तो आला रोमहून, लाकडी पेटीत बसून.

रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी आपले पहिले बालगृह उघडले. त्यांच्या रंगपट्ट्या पाहाव्यात. आकार एक, स्पर्श एक. फरक केवळ रंगाचा. मुलाने लाल पट्टीशी लाल जुळवायची, निळीशी निळी. मग सेग्वँ या फ्रेंच वैद्याने घालून दिलेला तीन पायऱ्यांचा पाठ : ‘ही लाल’, ‘लाल दे पाहू’, आणि शेवटी ‘ही कोणती?’ एका वेळी एकच गुण मुलाच्या नजरेपुढे ठेवायचा, ही त्यातील खुबी होय.

आपल्या बाजूला हे लोण भावनगरहून आले. तेथे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले. पुढे ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ साली दादरला ताराबाईंचे शिशुविहार सुरू झाले. पण शहरातल्या बालमंदिरांतील मुले बहुधा खाऊनपिऊन सुखी घरांतली असत. खेड्यातल्या पोराला ती पेटी कोण देणार?

या प्रश्नाला ताराबाईंनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी उत्तर शोधायला घेतले. १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. पेटीची जागा शिंपले, गोटे, बिया, पाने आणि पिसे यांनी घेतली. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळाही त्यांच्यामागे कुरणात गेली. तिला ‘कुरणशाळा’ असे साधे, समर्पक नाव मिळाले.

या साहित्याला लोक काटकसर म्हणतात. काटकसर होतीच, पण आमच्या मते त्याने शिकवण्याची रीतच बदलली. रंगपट्टीचे उत्तर एकच असते. शिंपल्यांचा ढीग आज रंगाने लावता येतो, उद्या आकाराने, परवा गुळगुळीत आणि खरखरीत असा. वस्तू त्याच, वाटण्या निराळ्या! सारखेपणा वस्तूला चिकटलेला नसून आपण कशाकडे पाहतो यावर तो ठरतो, हे मुलाला न सांगता कळते. अर्थात यात बाईंचे काम अवघड होते, कारण उत्तर पेटीत नसते. ते मुलालाच विचारावे लागते.

आणि विचारलेच पाहिजे. लुरिया या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३१-३२ च्या सुमारास उझबेकिस्तानातील शेतकऱ्यांपुढे हातोडी, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांची चित्रे ठेवून विचारले, यातले न जुळणारे कोणते? त्याला ‘ओंडका’ हे उत्तर हवे होते. निरक्षर शेतकरी ओंडका काढायला तयार होईनात; ओंडक्यावाचून करवतीने कापायचे तरी काय? आपल्या वर्गातले पोर गाईच्या चित्राजवळ म्हैस न ठेवता कडब्याची पेंढी ठेवते, तेव्हा त्याचा हिशोब हाच असतो. ‘चूक’ म्हणून बाई पुढे गेल्या, तर त्या मुलाने केलेला विचार तेथेच विझतो.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव सरकारी दप्तरात आले. आहार, लस, वजन यांचा भार तिने वाहिला. त्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचे शिक्षण पायाभूत टप्प्यात धरले. तरीही छापील कागदावर ‘सारख्या चित्रांना गोल करा’ एवढेच शिक्षण जेथे उरते, तेथे अंगण नावापुरतेच राहिले, असे म्हणणे भाग आहे.

ताडकळसला समुद्र नाही. शिंपले कोठून आणावेत, अशी कोणी शंका काढील. येथे कापसाची बोंडे आहेत, बाभळीच्या शेंगा आहेत, ज्वारीची कणसे आहेत, वडापिंपळाची पाने आहेत. चिंचोके आणि तुरीचे दाणे मात्र अगदी लहानग्यांच्या हाती देऊ नयेत. ती पोरे ते हमखास नाकात घालतात! ढीग एकदा लावून झाला, की सगळे पुन्हा कालवावे आणि म्हणावे, ‘आता दुसऱ्या तऱ्हेने लाव पाहू.’